गाल फुगले की काय करायचं? लहान मुलांचा रुसवा खेळाखेळात काढण्याच्या युक्त्या

परवा संध्याकाळी पोदेर आला, म्हणजे आमच्या गोव्यात सायकलवरून दारोदार पाव विकणारा. त्याच्या सायकलच्या भोंग्याचा पोंय-पोंय आवाज वाडीच्या वळणावर ऐकू आला की आमचा ४ वर्षांचा नातू हातातलं सगळं टाकून फाटकाशी धावतो. त्याला काकण, म्हणजे बांगडीसारखा गोल पाव, हवं होतं, घेतलं. चहात बुडवायला सोपं जावं म्हणून मी ते मधोमध मोडून बशीत ठेवलं, आणि झालं! "मला आख्खं पायजे होतं!" एक सँडल तुळशीवृंदावनापर्यंत गेली, बशी पालथी झाली आणि पठ्ठ्या सोप्यावर उपडा पडून असा ठणाणा करायला लागला की शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली.

मी १९ वर्षं डिचोली तालुक्यात बालवाडी चालवली. इतकी पोरं हाताखालून गेली, तरी पहिली चूक केलीच. "अरे हे बघ, जोडून देते तुला!" असं म्हणत दोन्ही तुकडे त्याच्या नाकापुढे नाचवले. तुकडे माझ्या अंगावर आले. दहा मिनिटांनी तेच तुकडे, तीच युक्ती, आणि पोरगं खुदूखुदू हसत होतं. या मधल्या दहा मिनिटांत काय करायचं असतं, ते सांगायला बसले आहे.

आपल्याकडे रुसव्याला केवढा मान होता, आठवा. लग्नात वरमाई रुसायची, दिवाळसणाला जावई रुसायचा. "काय हा वेडेपणा, उठा आता," असं त्यांना कोणी म्हणत नसे. चार बायका जायच्या, शेजारी बसायच्या, थोडी स्वतःचीच थट्टा करून घ्यायच्या, आणि मग वरमाई "तुम्ही एवढं म्हणताय म्हणून हो" असं म्हणत पदर सावरत उठायची. तिला उठायचं असायचंच. मान खाली न घालता उठायला निमित्त तेवढं हवं असायचं. मराठीत आपण रुसवा 'काढतो', तो काही 'मोडत' नाही. चार वर्षांच्या मुलाला कोपऱ्यातून बाहेर यायला असंच निमित्त लागतं, आणि त्याच्या वयाला कळणारं निमित्त म्हणजे खेळ.

आधी पोट बघा

कुठलाही खेळ सुरू करण्याआधी चार गोष्टी मनात तपासायच्या. भूक लागली आहे का? झोप अपुरी आहे का? अंगाची काहिली होते आहे का? शी-शू तुंबली आहे का? यातलं एखादं 'हो' असेल तर खेळ बाजूला ठेवा आणि ते काम आधी करा. भुकेल्या पोराला हसवायला जाणं म्हणजे चूल न पेटवता फोडणीची वाट बघणं.

गोव्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात माझा पहिला उपाय नेहमी पाण्याचाच असतो. घामोळ्यांनी पाठ चावत असते, पण मूल 'पाठ चावते' म्हणत नाही, 'हा शर्ट नको, तो नको' म्हणतं. दोन तांबे पाणी डोक्यावरून गेलं की अर्धं भांडण तिथेच धुऊन जातं. पावसाळ्यात उलटं. चार-चार दिवस घराबाहेर पडता येत नाही, अंगातली रग जिरत नाही, आणि ती किरकिरीच्या वाटेने बाहेर येते.

झोपेचं गणित बहुतेक घरांत चुकलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप सांगितली आहे. आईवडील पणजीहून कामावरून आठला घरी येणार, मग जेवण, मग मोबाइलवर थोडं कार्टून, असं करत पोर साडेदहाला झोपतं आणि साडेसहाला शाळेसाठी उठवलं जातं. हिशेब करून बघा.

एक काम मात्र जरूर करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आठवडाभर फक्त वेळ लिहून ठेवा, मूल कधी बिनसलं ती. कारण लिहू नका, कारणं आपण मनाची लावतो. आमच्याकडे ७ दिवसांत ५ वेळा दुपारी साडेबारा ते एकच्या मध्ये नोंद पडली. शाळेतून येऊन जेवण वाढेपर्यंतची ती वीस मिनिटं. आता दारातच केळं हातात देते. पाचाच्या जागी एकदोनदाच कटकट होते, आणि त्यात माझं कसब शून्य, सगळं केळ्याचं.

कुरकुर, रुसवा आणि आकांत

हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

कुरकुर म्हणजे नाकातून येणारा तो लांबलचक 'आऽऽई' सूर. मूल अजून आपल्याशी बोलत असतं, फक्त सूर बिघडलेला असतो. रुसवा म्हणजे गाल फुगवून, पाठ फिरवून, कोपऱ्यात फतकल मारून बसणं. बोलणं बंद, पण कान आपल्याकडे. आणि आकांत म्हणजे काकणाच्या दिवशी झाला तो. हातपाय आपटणं, फेकाफेक, घसा फाटेस्तोवर रडणं.

खेळ पहिल्या दोघांत कामाला येतो, आकांतात नाही. मी तुकडे नाचवले ते आकांताच्या ऐन भरात, म्हणून अंगावर आले. त्या वेळी मुलाला वाटतं, माझं एवढं मोठं दुःख आणि हिला नाच सुचतोय. कपाळामागचा मेंदूचा जो भाग रागाला लगाम घालतो तो माणसाची विशी उलटेपर्यंत घडत राहतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाकडे तो लगाम जेमतेम सुतळीएवढा असतो, आणि आकांतात तीही तुटलेली असते. म्हणून त्याला तेव्हा समजावूही नये आणि हसवूही नये.

करायचं एवढंच. जमिनीवर त्याच्या उंचीला बसा. डोकं आपटेल असं काही आसपास असेल तर सरकवा. हात लावून घेत असेल तर पाठीवर हात ठेवा, झिडकारत असेल तर हातभर अंतरावर बसून राहा. आणि तीन छोटी वाक्यं, हळू आवाजात: "काकण आख्खं हवं होतं. मी मोडलं. राग आला." प्रश्न विचारू नका, 'पण' लावू नका. झालेली गोष्ट कोणीतरी बरोबर शब्दांत मांडली की मोठ्यांचंही मन खाली बसतं, मुलांचं तर बसतंच. बहुतेक आकांत काही मिनिटांत ओसरतात. ओसरल्याची खूण म्हणजे रडण्यात खंड पडतो, हुंदके येतात, आणि मूल एका डोळ्याने आपण आहोत का ते बघतं. तो एक डोळा दिसला की समजायचं, आता निमित्त द्यायची वेळ झाली.

पेज निववण्याचा खेळ

माझा सगळ्यात लाडका खेळ हाच आहे, आणि सामान लागत नाही.

तळहाताची वाटी करायची. "पुता, ही बघ पेज. आत्ताच चुलीवरून उतरवलीय. वाफ बघ कशी येते. चटका बसतो रे, फुंकर घाल!" मूल फुंकतं. पहिली फुंकर रागाचीच असते, फुस्स करून. आपण ओठ लावून बघायचं आणि दचकायचं: "हाय हाय, जीभ पोळली! हळू फुंक, लांब फुंक, नाहीतर सांडेल." मग दुसरी, तिसरी. सहा-सात फुंकरांनंतर "आता बरोबर निवली, मीठ घालू का? लोणच्याची फोड?" असं करत त्याला त्याच्याच हातातून पाजायचं.

यामागे साधं शरीरशास्त्र आहे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि अंग सैल पडतं. 'दीर्घ श्वास घे' म्हटलं तर रागावलेलं मूल 'नाय घेणार' म्हणेल. पेज मात्र निववेल, कारण पेज निववणं हे काम आहे आणि कामाला त्याची ना नसते. तिथे आपण चुकतो, दचकतो, आपली जीभ पोळते. शहाणं कोण? तो.

एक अट आहे. हा खेळ पहिल्यांदा रागाच्या वेळी शिकवायचा नाही. घरात खरी उकड्या तांदळाची पेज गरम वाढली असेल, सगळे खुशीत असतील, तेव्हा दोन-चार दिवस खेळा. ओळख झालेली असली की मग रागाच्या वेळी नुसती तळहाताची वाटी पुढे केली तरी पुरते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला वाटीचं नाटक कळणार नाही. त्याच्यासाठी परातीत पाणी घ्या आणि कागदाची होडी फुंकरीने पलीकडे न्यायला लावा.

मोठं माणूस वेडं झालं की

कुरकुरीवर आणि साध्या रुसव्यावर सगळ्यात लवकर लागू पडणारी युक्ती म्हणजे आपण चुकायचं. शाळेची चड्डी डोक्यात घालून "ही टोपी घट्ट का झाली?" म्हणायचं. कालथ्याने केस विंचरायचे. त्याच्या बुटात आपला अंगठा घालून "रात्रीत माझे पाय कोणी वाढवले?" म्हणून कळवळायचं. मूल दिवसभर आपल्याकडून ऐकत असतं, हे चुकलं, ते सांडलं, असं नाही तसं. एखाद्या वेळी चुका आपण करतो आणि सुधारणारं ते असतं, तेव्हा त्याची ताठलेली मान आपोआप सैल होते.

पण थट्टा आपली. इथे मी स्वतः शेण खाल्लं आहे. बालवाडीत नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी एक मुलगी ओठ काढून कोपऱ्यात बसली होती, आणि मी सगळ्या मुलांसमोर तसाच ओठ काढून तिची नक्कल केली. वर्ग खदाखदा हसला. ती हसली नाही. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या आजीने येऊन विचारलं, "टीचर, काय झालं हो?" मुलाच्या रडण्याची नक्कल, जबरदस्तीच्या गुदगुल्या, 'हसलं हसलं, आमचं बाळ हसलं' असं चिडवणं, हे सगळं त्याच जातीचं. मूल हसेलही, कारण गुदगुल्यांना अंग हसतंच. रुसवा मात्र आत तसाच राहतो.

यातच आता मोबाइल आला. मूल फुगलं की काही घरांत आधी व्हिडिओ काढतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतात. रुसलेल्या वरमाईचा असा व्हिडिओ कोणी फिरवला असता तर लग्न मोडलं असतं.

वस्तूंना बोलतं करा

काकणाकडे परत येते. आकांत ओसरला, एक डोळा दिसला. मी त्याच्याशी बोललेच नाही. एक तुकडा उचलला आणि बारीक आवाजात म्हटलं, "अरे, माझा भाऊ कुठे गेला? आत्ता तर इथेच होता." दुसरा तुकडा सोप्याच्या पायाशी पडला होता. त्याने मुंगीच्या आवाजात, म्हणजे मीच, उत्तर दिलं, "मी इकडे पडलोय, मला मुंग्या गुदगुल्या करतात!" नातवाने नाक पुसलं. पहिल्या तुकड्याने मुद्दाम चुकीच्या बाजूला शोधलं, चहाच्या कपामागे, माझ्या पदरात. "तिकडे नाय गो आजी, खाली!" आणि त्याने स्वतः तुकडा उचलून दुसऱ्याला लावला. काकण काही जुळलं नाही, कुठून जुळणार. पण जोडणारा तोच होता.

रुसलेलं मूल माणसाशी बोलायला तयार नसतं, कारण बोललं तर हरलं. वस्तूशी बोलण्यात हार नाही. बूट, दप्तर, भाताचा घास, दात घासायचा ब्रश, कशालाही आवाज देता येतो. आवाज नाटकी लागत नाही, किंचित वेगळा असला की पुरे.

अंगातली रग जिरवणारे खेळ

पावसाळी संध्याकाळी घर डोक्यावर घेतलेल्या मुलाला 'शांत बस' म्हणणं व्यर्थ असतं. त्याला ओझं द्या. ओढणं, ढकलणं, उचलणं यांनी स्नायू दमतात आणि अंग ताळ्यावर येतं.

आमच्याकडे फेरीबोट चालते. जुनी जाड चादर फरशीवर पसरायची, मूल मध्ये मांडी घालून बसणार, आपण दोन टोकं धरून ओढणार. रायबंदरहून नदीपलीकडच्या चोडण बेटावर. निघताना भोंगा, मध्ये लाटा, आणि धक्क्याला लागताना पुढची फळी 'धडाऽम' पडते. फळी पडायच्या आधीच गाड्या सुरू करून बसणारे लोक असतात, तेही करायचं, घुर्रघुर्र. दोन खेपा झाल्या की मुलाला चालक करा. आता चादरीवर दोन उशा, चार नारळ, एक बाहुली, आणि ओढणार तो. मुलाने चादरीवर उभं राहायचं नाही हा एकच नियम, आणि तो मोडला तर फेरीबोट बंद. फरशीला कोपरे असतात.

बाहेर ऊन-पाऊस ठीक असेल तर नारळ अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला लोटत न्यायला सांगा. सोललेला नको, सोडणासकट. 'हे तुला जमणार नाही बहुतेक' असं पुटपुटलं तर काम अधिक लवकर होतं, पण ही लबाडी रोज वापरू नये.

पाण्याचा आणि चिखलाचा खेळ मी यातच धरते. माशेल गावात आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. मोठे बापये अंगाला तेल लावून चिखलात लोळतात आणि मुलांसारखे खेळतात. वर्षातून एक दिवस मोठ्यांना जे लागतं, ते मुलांना आठवड्यातून दोनदा लागलं तर नवल नाही. जुनी चड्डी, परसातला कोपरा, एक करवंटी आणि एक तांब्या. अर्धा तास. नंतर पाय धुवायचे, साबणाने, नखांसकट. ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांनी न्हाणीघरात बादली आणि चार डबे द्यावेत, पण पाण्यापाशी लहान मुलाला एकटं सोडू नये, बादलीभर पाणीसुद्धा धोक्याचं असतं.

घुमट आणि नरकासुर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घुमट या मातीच्या वाद्यावर आरती चाललेली ज्या मुलाने ऐकली आहे त्याला उपडी बादली दिली की सांगावं लागत नाही. रागात तो जोराने बडवणारच. आपण शेजारी डबा घेऊन त्याच्याइतक्याच जोराने वाजवायचं. मग "आता म्हशीच्या चालीने," मग "मांजराच्या," मग "मुंगी चालते तसं." मुंगीपर्यंत आलं की बोटांची टोकंच फिरतात आणि खोली इतकी शांत होते की कौलावरचा पाऊस ऐकू येतो. मोठ्यापासून सुरू करून हळूहळू उतरणं, यात सगळी गंमत आहे. सुरुवातीलाच 'हळू वाजव' म्हटलं की खेळ गेला.

दुसरा खेळ ४-५ वर्षांच्या पुढच्यांसाठी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर नरकासुर उभे राहतात, पहाटे जळतात, हे आपल्या मुलांना चांगलं ठाऊक असतं. वर्तमानपत्राचं मोठं पान आणि खडू द्या. "आज जो राग आला तो कसा दिसतो? दात किती? शिंगं? मिशा आजोबांसारख्या की वेगळ्या?" मूल काढत जातं आणि राग त्याच्या अंगातून कागदावर येतो, मग त्याच्याशी बोलता येतं. "याला काय खायला आवडतं? हा कधी झोपतो?" शेवटी त्याची घडी करून कपाटात ठेवायची की होडी करून पन्हाळाच्या पाण्यात सोडायची, ते त्याला ठरवू दे.

'तूच नरकासुर झालास' असं मात्र चुकूनही म्हणायचं नाही. आणि 'उशी बडव, राग निघून जाईल' हा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो, तो मी देत नाही. मोठ्या माणसांवर झालेल्या प्रयोगांत बडवाबडवीने राग उतरत नाही, उलट तेवत राहतो, असं दिसलं आहे. मग बादली बडवायला का सांगितली, असं कोणी विचारेल. बादली मुंगीपर्यंत येते, उशी येत नाही.

'नाही' तसंच ठेवून

खेळ म्हणजे लाड नव्हेत, हे आजी-आजोबांना आणि काही वेळा आईवडिलांनाही समजावून सांगावं लागतं. पोदेराला हाक मारून दुसरं आख्खं काकण मी घेतलं नाही. घेतलं असतं तर नातू शिकला असता की बशी उलटी केली की काकण मिळतं. सांडलेला चहाही त्यानेच पुसला, मी अर्धा, तो अर्धा.

'नाही' म्हणायचं असतं तेव्हा मी कल्पनेत देऊन टाकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुसरं आइस्क्रीम मागितलं. "दुसरं कशाला, मला तर वाटतं इथली सगळी चवड आइस्क्रीमची असावी. ते मिरच्यांचे ढीग बघ, स्ट्रॉबेरीचे. केळी आंब्याची. आणि आपण चमचा घेऊन या टोकापासून सुरू करायचं." दहा पावलं चालेपर्यंत तोच सांगायला लागतो की चौरीसच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा कुठल्या आइस्क्रीमच्या. आइस्क्रीम मिळालेलं नसतं, पण आपली इच्छा कोणीतरी मानली हे त्याला कळलेलं असतं.

निघायची, उठायची, अंघोळीला जायची वेळ ही रुसव्याची हुकमी वेळ. तिथे हुकुमाऐवजी निवड द्या, पण दोन्ही वाटा न्हाणीघराकडेच जाणाऱ्या असाव्यात. "कुर्ली होऊन जाणार की बेडूक?" कुर्ली आडवी चालते, म्हणून वेळ थोडा जास्त लागतो, घाई असेल त्या दिवशी बेडकाला आणि सशालाच उभं करावं.

दुसऱ्याला मारणं, चावणं, रस्त्यावर धावणं, विस्तवाशी जाणं, इथे खेळ नाही. हात धरायचा, "मारू देणार नाही," एवढंच म्हणायचं आणि बाजूला न्यायचं. चेहरा सरळ. खेळ नंतर.

लोकांसमोर हे सगळं जड जातं, कबूल. देवळात, बसमध्ये, लग्नात कोणीतरी म्हणतंच, "आमच्या वेळी एक फटका दिला की गप्प." वाद घालू नका, मुलाला उचलून चपला काढतात तिथे किंवा झाडाखाली घेऊन जा. प्रेक्षक गेले की निम्मा तमाशा संपतो, मुलाचाही आणि आपलाही. बागुलबुवा, पोलीस, 'त्या बाईला देऊन टाकीन', हे मात्र कोणालाच करू देऊ नका, पाहुण्यांनाही नाही. त्याने मूल गप्प होतं ते भीतीने, आणि रात्री अंथरूण ओलं होतं.

आपलाच पारा चढला असेल तर खेळ सुरूच करू नये. दात आवळून केलेला विनोद मुलाला बरोबर ओळखता येतो. अशा वेळी मी परसात जाऊन कपडे काढते दोरीवरचे, ते वाळलेले असोत वा नसोत. आणि ओरडून बसले असले तर नंतर सांगते, "आजी ओरडली, ते बरं नाही झालं." चार वर्षांचं मूल माफ करायला फार वेळ लावत नाही.

रोजची दहा मिनिटं

रुसवा आल्यावरचे खेळ कमी लागावेत असं वाटत असेल तर रोज दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, मूल सांगेल तो खेळ खेळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. शिकवायचं नाही, रंग विचारायचे नाहीत, 'असं नाही, तसं' म्हणायचं नाही. त्याने सांगितलं तुम्ही गिऱ्हाईक, तर गिऱ्हाईक. आमच्याकडे सध्या मी रोज संध्याकाळी उंडे, पोळ्या आणि काकणं विकत घेते, एका पिशवीतून जिच्यात काहीच नसतं, आणि पोदेर मला दर वेळी सांगतो, "आख्खंच मिळेल. मोडून नाय देणार."

हा रुसवा नसेल तर

काही चिडचिड खेळाने जाणारी नसते. आकांत नेहमीच पाव तासाच्या पुढे लांबत असतील, दिवसातून बरेच वेळा होत असतील, मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, पाच वर्षांनंतरही ते कमी होत नसतील, किंवा येत असलेले शब्द मूल विसरू लागलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडत असतील तर तेही दाखवाच. अशा काही मुलांत लोह कमी असल्याचं निघतं. लोहाची कमतरता, कानातलं दुखणं, मलावरोध, जंत, यांपैकी कशानेही मूल आठवडेच्या आठवडे किरकिरं राहू शकतं. १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडीत गोळी मिळते, ती चुकवू नका. आणि हसतं-खेळतं मूल एकाएकी मिटून गेलं, ठरावीक माणसाकडे किंवा जागी जायला घाबरू लागलं, तर हसवण्याच्या फंदात न पडता त्याचं ऐका. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक आहे.

एरवी मात्र असेही दिवस येतात की पेज निवत नाही, फेरीबोट बुडते, काकणाचे तुकडे बोलायला तयार नसतात. पोरगं नुसतंच कातावलेलं असतं आणि त्याला स्वतःलाही कारण माहीत नसतं. त्या दिवशी मी युक्त्या गुंडाळून ठेवते. शेजारी बसून वाल सोलते, काही विचारत नाही. कधी तो एखादी शेंग उचलतो, कधी नाही. साडेसातला खरी पेज, वर तूप, सोबत आंब्याच्या लोणच्याची फोड. आठाला दिवा बंद.